हर्बेरियम उभं करायचंय? कपाटं सगळ्यात शेवटी घ्या

"मॅडम, आम्हाला हर्बेरियम सुरू करायचंय, कपाटं कुठून घ्यावी?" हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी येतो. कधी तालुक्याच्या कॉलेजातून, कधी वनखात्यातल्या कुणाकडून, आणि एकदा तर एका लहानशा देशातून इथे शिकायला आलेल्या मुलीने विचारला, तिला परत जाऊन देशासाठीच हर्बेरियम उभं करायचं होतं. काम तालुक्याचं असो नाहीतर देशाचं, माझं उत्तर तेच असतं: कपाटं शेवटी. आधी माणूस, मग लेबल, मग प्रेस (झाडं दाबून वाळवायच्या फळ्या), मग फ्रीझर (किडे मारायला), आणि उरले पैसे तर कपाटं. उलटं केलेलं मी पाहिलंय आणि त्याचं काय होतं तेही पाहिलंय, ते पुढे सांगते.

ज्यांना हर्बेरियम म्हणजे नक्की काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ही बाग नाही. झाडाची फांदी (लहान झाड असेल तर मुळासकट अख्खं) दाबून वाळवायची, साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं, झाली एक शीट. नीट ठेवली तर तीनशे वर्षं सहज टिकते, युरोपात सोळाव्या शतकातल्या सुद्धा आहेत. "हे झाड, या जागी, या तारखेला होतं" याचा हा पुरावा असतो, व्हाउचर म्हणतात त्याला. शोधनिबंधात नाव छापलं, यादीत नाव आलं, पण मागे व्हाउचर नसेल तर ते नाव बरोबर होतं की चुकीचं हे पन्नास वर्षांनी कुणालाच तपासता येत नाही. जगात आज साडेतीन हजाराहून जास्त नोंदणीकृत हर्बेरियम आहेत आणि त्यांच्याकडे मिळून ३९ कोटींच्या वर नमुने आहेत. आपलं राष्ट्रीय हर्बेरियम हावड्याला, बोटॅनिक गार्डनमध्ये, साधारण २० लाख नमुने, आणि त्याला जगभर कॅल (CAL) या कोडने ओळखतात.

आता पायऱ्या. नंबर देतेय खरं, पण तीन-चार गोष्टी एकदमच चालू असतात हे लक्षात असू द्या.

पहिली पायरी: हे कुणाचं, आणि उद्या कोण बघणार

कंटाळवाणी पायरी आहे म्हणून सगळे टाळतात. कागदावर ठरवा की संग्रह कुणाच्या मालकीचा, पगार कुठल्या हेडमधून, आणि संस्था बंद झाली तर शीट कुठे जाणार. हसू नका, अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीसारख्या श्रीमंत ठिकाणी सव्वाआठ लाख नमुन्यांचं हर्बेरियम बंद करायचं २०२४ मध्ये जाहीर झालं, मग आपल्या कॉलेजची काय कथा.

मालकीचं सांगायचं तर आपल्याच इतिहासात बघा. कलकत्त्याची बाग १७८७ ची, १७९३ मध्ये रॉक्सबर्ग तिथे बागेचे प्रमुख म्हणून आले आणि संग्रहाची सुरुवात झाली, पुढे प्रमुख झालेल्या वॉलिक यांनी माणसं पाठवून पाठवून प्रचंड नमुने जमवले. आणि १८२८ मध्ये तो सगळा ढीग पेट्यांत भरून लंडनला नेला, तिथून त्याच्या प्रती युरोपभर वाटल्या. शास्त्राच्या दृष्टीने वाटल्या ते चांगलंच, पण त्यामुळे आपल्या मातीतल्या कितीतरी वनस्पतींचे मूळ नमुने बघायला आपल्याच लोकांना पुढे लंडनच्या क्यू गार्डनला जावं लागलं. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया (देशातल्या वनस्पतींची नोंद ठेवणारं सरकारी खातं) १८९० मध्ये निघाला, मध्ये मरगळला, स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये त्याची पुन्हा घडी बसवली, ते काम वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांच्याकडे दिलं होतं. त्या पुनर्रचनेतली माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे सगळं हावड्यालाच न ठेवता विभागवार केंद्रं काढली, पुण्याचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ चं, तसंच कोइमतूर, देहरादून, शिलाँग. देशाचं हर्बेरियम म्हणजे एक इमारत नाही, हे असं जाळं असतं. तुम्ही तालुक्यात काढताय ते पण त्या जाळ्याचाच एक धागा धरा, म्हणजे तुमचा प्रत्येक नमुना दोन ठिकाणी असला पाहिजे हे आपोआप डोक्यात बसतं.

दुसरी पायरी: माणूस

मी ज्या कॉलेजात शिकले (नाव नको) तिथे एक मामा होते, लॅब अटेंडंट. बॉटनीत त्यांनी कधी परीक्षा दिली नव्हती पण प्रेस कसा आवळायचा, कुठला कागद कधी बदलायचा, गवताची काडी लांब असेल तर तिला इंग्रजी एन सारखी कशी मोडायची हे सगळं आम्हाला त्यांनीच शिकवलं, सरांनी नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एकेक कपाट उघडायचे, वरच्या खणापासून खालपर्यंत हात फिरवायचे आणि बोटाला भुसा लागतो का बघायचे. एवढंच. डांबरगोळ्या बदलायचे, कपाट बंद.

मामा रिटायर झाले. जागा भरली नाही. मध्ये नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) व्हिजिट होती म्हणून नवी कोरी स्टीलची कपाटं आली, बाहेर पितळी पाटी लागली. तीन-चार वर्षांनी मी एक जुनी शीट बघायला गेले, कपाट उघडलं तर खणाखणातून कॉफी पावडरसारखं काहीतरी खाली सांडलं. फोल्डर उघडला, कागदावर दोरे तसेच, लेबल तसंच, झाड नाही. नुसती भोकं पडलेली देठं. तपकिरी रंगाचे तांदळाएवढे किडे फिरत होते. चाळीस वर्षांचं कलेक्शन, आणि कपाटं मात्र चकचकीत.

म्हणून म्हणते, आधी माणूस. छोट्या हर्बेरियमला कमीत कमी एक क्युरेटर ज्याला वनस्पती ओळखता येतात, एक माउंटिंग करणारा, म्हणजे नमुने कागदावर चिकटवणारा हात ज्याला घाई नाही, आणि एक डेटा एंट्री. तिघं परवडत नसतील तर दोघं. एकही कायमचा माणूस मिळणार नसेल तर हर्बेरियम काढूच नका, गोळा केलेले नमुने सरळ जवळच्या मोठ्या हर्बेरियमला द्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि सुरू करण्याआधी त्या माणसाला चार दिवस कुठेतरी बसवा: पुण्याचं सर्व्हेचं केंद्र आहे, आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे (मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये उभी केलेली संस्था), मुंबईत झेवियर्समध्ये १९०६ मध्ये सुरू झालेलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. आधी लिहून परवानगी घ्या, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन जा, डबा बाहेर खा.

तिसरी पायरी: परवानगी

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याचं लेखी पत्र नसेल तर पानही तोडू नका. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्याच्या ३९ व्या कलमाखाली सरकारने नेमलेली भांडारं आहेत, आणि नवीन जात सापडली तर तिचा व्हाउचर नमुना तिथे जमा करावा लागतो. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपूरला. गावाची जैवविविधता समिती असेल तर तिथे जाऊन सांगून या, चहा घ्या, कामं सोपी होतात.

परदेशाशी देवाणघेवाण करायची असेल तर कागदपत्रं डोळ्यात तेल घालून. २०१७ मध्ये पॅरिसहून ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवलेले शंभरावर जुने नमुने, त्यात मूळ टाइप (ज्यावर जातीचं नाव बांधलेलं असतं ते नमुने) सुद्धा, तिथल्या जैवसुरक्षा खात्याने जाळून टाकले, कारण काय तर कागदपत्रांत गोंधळ. देशपातळीचं हर्बेरियम असेल तर साइट्स (धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) करारात वैज्ञानिक संस्था म्हणून नोंदणी करून घ्या, नोंदणी झालेल्या संस्थांना एकमेकांत बिगरव्यापारी देवाणघेवाण करायला बरीच सूट मिळते.

चौथी पायरी: गोळा करणं

इथे मी रमते, त्यामुळे थोडं सहन करा.

सामान फार नाही. कात्री, खुरपं, जुने पेपर, प्रेस (प्लायवूडच्या जाळीदार दोन फळ्या आणि दोन पट्टे, गावातला सुतार करून देतो), फील्ड बुक, पेन्सिल, जीपीएस आता मोबाइलमध्ये असतंच, आणि टॅग. नमुन्याला फूल किंवा फळ हवंच, नुसत्या पानांची शीट म्हणजे ओळखणाऱ्याचा छळ. आता कारवीचं बघा, ती सात वर्षांनी एकदा फुलते, मधल्या वर्षांत तुम्ही ढीगभर पानं आणाल, पण फुलाची शीट हवी असेल तर हर्बेरियमलाच सात वर्षं थांबावं लागतं. (आणि म्हणूनच तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर देशाची वनस्पतीसंपत्ती गोळा होत नाही, हे फंड देणाऱ्यांना कुणीतरी सांगा.)

दुसरं उदाहरण शेवळ्याचं. जूनच्या पहिल्या पावसात मुरबाडकडच्या एका पाड्यावर मी शेवळं खणत होते, फूल जमिनीतून वर येतं, तपकिरी-जांभळट, पान कुठेच नाही. एक आजी बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या.

"काय करतेस गं बाय त्याचं?"

"कागदात वाळवून ठेवायचंय, आजी."

"कागदात? अगं भाजी करतात त्याची. आणि काकडं घाल, नाहीतर घसा खाजंल."

ते "काकडं घाल" मी तिथल्या तिथे फील्ड बुकात लिहिलं. काकड म्हणजे वेगळं झाड, त्याची आंबट फळं शेवळ्याच्या भाजीत घालतात आणि त्याने खाज मरते. ही माहिती वाळलेल्या नमुन्यात कधीच दिसत नाही, डीएनएत तर अजिबात नाही, ती फक्त लेबलवरच राहू शकते. आणि हो, त्या आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, की पान नंतर येतं, श्रावणात ये. बरोबरच होतं. शेवळ्याचं फूल आधी, पान नंतर, दोन्ही एका दिवशी मिळतच नाहीत. मग काय करायचं तर झाडाशेजारी खुणेची काठी रोवायची, जीपीएस घ्यायचं, आणि दोन महिन्यांनी त्याच झाडाकडे परत जाऊन पान आणायचं, आणि दोन्ही शीटवर एकमेकींचे नंबर लिहायचे. मी गेले तेव्हा काठी गुरांनी पाडली होती, आजींनी जागा दाखवली.

असं मांसल काही असेल तर आख्खं प्रेसमध्ये घालू नका, आत सडतं. उभं मधोमध चिरा, एक अर्ध दाबा, दुसरं स्पिरिटच्या बाटलीत, त्याच नंबराने. वाळल्यावर सगळंच काळपट होतं म्हणून रंग, वास, आतलं काय दिसलं ते ताजं असतानाच लिहा. निवडुंग, ऑर्किड वगैरे प्रेसमध्ये सुद्धा आठवडे जिवंत राहतात आणि पानं गाळतात, त्यांना उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून मग दाबा. पाण्यातली झाडं ट्रेमध्ये पाण्यावर तरंगवून खालून कागद सरकवून उचला. माडाचं पान आख्खं बसत नाही, टोक, मधला आणि देठाकडचा तुकडा घ्या आणि पूर्ण लांबी मोजून लिहा, एक फोटो काढा. प्रत्येक नमुन्याची दोन-चार पानं फाडून चहाच्या कागदी पुडीत घालून सिलिका जेलमध्ये ठेवा, पुढे डीएनएवाले तुम्हाला दुवा देतील.

आणि किती घ्यायचं? साधा नियम, वीस झाडं दिसली तर एक. वीस नसतील तर फोटो काढा आणि चालू लागा. शिंदळ माकुडीसारखं मोजक्या कड्यांवरच उरलेलं काही दिसलं तर कात्री खिशातच ठेवा, ती गोळा करायची नसते.

पाचवी पायरी: वाळवणं

सह्याद्रीत फुलं येतात पावसात आणि वाळवायचं पण पावसात, हे आपलं नशीब. पहिल्या वर्षी मी आंबोलीहून आणलेले तीसेक नमुने दोन दिवस प्रेसमध्ये तसेच ठेवले, दमले होते म्हणून, तिसऱ्या दिवशी उघडले तर सगळ्यावर पांढरी लव. फेकून दिले सगळे. कागद पहिल्या चोवीस तासांत बदलायचाच, आणि त्याच वेळी पानं नीट पसरायची कारण तेव्हा ती मऊ पडलेली असतात, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजू दिसते. मग रोज कागद बदला, ओल कमी झाली की एक दिवसाआड. उन्हाळ्यात आठवड्यात होतं, पावसात दोन आठवडे सुद्धा लागतात. पत्र्याच्या किंवा प्लायच्या खोक्यात खाली दोन बल्ब लावून वर प्रेस ठेवला, मध्ये मध्ये खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घातला, तर काम झपकन होतं, फक्त पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पापड होतो आणि डीएनए पण जातं.

जिथे वीजच नाही अशा कॅम्पवर पेपरमध्ये गुंडाळलेली सगळी चवड जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, साठ-सत्तर टक्के अल्कोहोल ओतायचं, पिशवी घट्ट बांधायची, घरी येऊन वाळवायचं. रंग जातो पण नमुना वाचतो. यासाठी टॅगवर पेन्सिलच हवी, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पार वाहून जाते.

सहावी पायरी: लेबल

झाड सुंदर वाळलंय आणि लेबल नाही, तर ती शीट नाही, वैरण आहे. आणि लेबल त्याच दिवशी रात्री फील्ड बुकात पूर्ण करायचं, "लक्षात आहे, उद्या लिहू" म्हटलं की संपलं.

काय हवं: गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा सलग चालणारा नंबर (दरवर्षी एकपासून सुरू करू नका, आयुष्यभर एकच मालिका), तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, आजूबाजूला काय आहे, झाड केवढं, रंग, स्थानिक नाव आणि उपयोग, ते कुणाच्या बोलीतलं, आणि ओळख कुणी पटवली. जागा लिहिताना "वडगाव" एवढंच लिहून थांबलेली लेबलं मी पाहिलीत, अरे महाराष्ट्रात वडगावं किती! तालुका, जिल्हा, आणि कुठून कुठल्या दिशेला किती किलोमीटर ते लिहा, "आंबोलीहून चौकुळच्या रस्त्याने ३ किमी, डाव्या हाताच्या सड्यावर" असं. जीपीएस चुकला तरी हे वाक्य माणसाला तिथे नेतं. महिना अक्षरात लिहा, ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे यावर लोक पुढे भांडतात.

नाव चुकलेलं निघालं तर जुनं लेबल कधी फाडायचं नाही, खोडायचं नाही, शेजारी नवी चिठ्ठी लावायची, नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष. पन्नास वर्षांत एका शीटवर चार चिठ्ठ्या होतात आणि ते भांडण वाचायला भारी मजा येते.

सातवी पायरी: माउंटिंग आणि किडे

कागद आम्लरहित आणि जाड, सुती चिंध्यांचा हातकागद उत्तम, साधा ड्रॉइंग पेपर काही वर्षांत पिवळा पडून तुकडे पडायला लागतो. पांढरा गोंद पातळ करून मागून लावा, जाड फांद्या दोऱ्याने शिवा, गाठ मागे. सेलोटेप नको म्हणजे नको. गळलेल्या बिया, पाकळ्या छोट्या कागदी पाकिटात घालून शीटवरच चिकटवा. सगळ्या शीट चवडीने ठेवायच्या असतात म्हणून प्रत्येक झाड बरोबर मधोमध लावू नका, थोडं इकडेतिकडे, नाहीतर चवड मध्ये फुगते.

किड्यांसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात नमुने बुडवायचे. जहाल विष आहे, आता नको. पण जुना संग्रह तुमच्या ताब्यात आला तर तो विषारी आहे असंच धरून ग्लोव्ह्ज घाला, आणि अशा खोलीत जेवू नका. आता सरळ डीप फ्रीझर. शीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे वीस किंवा त्याखाली आठवडाभर, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार शीटवर पाणी धरतं आणि बुरशीला आमंत्रण. बाहेरून येणारी प्रत्येक शीट, मग ती कितीही मोठ्या संस्थेतून आलेली असो, आधी फ्रीझरमधून जाणार, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही. सिगारेट बीटल, ड्रगस्टोअर बीटल, कसर हे मुख्य शत्रू, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात धण्याच्या डब्यात निघतात तेच भाऊबंद.

आठवी पायरी: खोली, आणि हो, आता कपाटं

तळघर नको, तळमजला पण शक्यतो नको. २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. स्लॅब गळणारा वरचा मजला पण नको, टॉयलेटच्या खालची खोली तर मुळीच नको (खुशाल देतात ती). हवा वीस ते तेवीस डिग्री, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि ती चोवीस तास तशीच राहिली पाहिजे. दहा ते पाच एसी आणि रात्री बंद हे एसी नसण्यापेक्षा वाईट, रोज गार-गरम होऊन ओल धरते. तेवढं बिल झेपत नसेल तर साधं डीह्युमिडिफायर, घट्ट दारांची कपाटं आणि मामांचा शनिवार, एवढ्यावर पण चालतं.

हिशोब असा करा. फोल्डरसकट एक शीट सरासरी अडीच मिलिमीटर धरली तर एक लाख शीटची चवड अडीचशे मीटर. पंधरा-वीस सेंटीमीटरच्या एका खणात साठेक शीट, पंचवीस खणांच्या एका कपाटात दीड हजार. म्हणजे लाखाला सदुसष्ट कपाटं, आणि वाढीसाठी मोकळे खण सोडायचे म्हणून शंभर धरा. सरकत्या कपाटांनी जागा वाचते, पण वजन प्रचंड, आधी इंजिनिअरला जमीन दाखवा.

मांडणी कशी लावायची यावर वाद घालत बसू नका. आपल्याकडे बऱ्याच जुन्या हर्बेरियममध्ये अजून बेंथॅम-हूकरची जुनी मांडणी आहे, नवीन काढताय तर एपीजी (डीएनएवर आधारलेली नवी मांडणी) घ्या. कुळाच्या आत वंश आणि जाती अक्षरक्रमाने, म्हणजे मदतनीसाला पण शीट जागेवर ठेवता येते. चुकीच्या खणात गेलेली शीट म्हणजे हरवलेलीच.

टाइप नमुने वेगळ्या कुलूपबंद कपाटात, लाल फोल्डरमध्ये. टाइप म्हणजे ज्या नमुन्यावर त्या जातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं तो. १ जानेवारी १९९० पासून नवीन जातीचं नाव ग्राह्य धरायला टाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते छापावंच लागतं, म्हणजे तुमच्या कपाटावर जगाचा डोळा असतो. छोट्या हर्बेरियमने टाइप स्वतःकडे ठेवण्याचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मूळ नमुना हावड्याला किंवा पुण्याला द्या, प्रत तुमच्याकडे ठेवा. लोकांना राग येतो याचा, पण येऊ दे.

नववी पायरी: प्रती आणि फोटो

एकाच वेळी, एकाच झाडाच्या किंवा एकाच जागच्या घोळक्यातून तीन-चार फांद्या घेतल्या, एकच नंबर दिला, की त्या डुप्लिकेट. एक तुमची, एक विभागीय केंद्राला, एक त्या गटाच्या तज्ज्ञाला, म्हणजे ओळख पण फुकट मिळते. बर्लिनचं हर्बेरियम मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, लाखो नमुने एका रात्रीत गेले, आज त्यातलं जे काही अभ्यासता येतं ते बऱ्याच अंशी इतर देशांत गेलेल्या प्रतींमुळे.

फोटोसाठी महागडा स्कॅनर लागतोच असं नाही, बरा कॅमेरा, स्टँड, दोन बाजूंनी सारखा उजेड, शीटवर पट्टी, रंगपट्टी आणि बारकोड. डेटा एक्सेलमध्ये सुरू केलात तरी कॉलम डार्विन कोअरच्या (नमुन्यांच्या माहितीच्या ठरलेल्या रकान्यांच्या) पद्धतीने ठेवा, म्हणजे पुढे जीबीआयएफवर (जगभरच्या जैवविविधता नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर) टाकताना रडायला लागत नाही. सर्व्हेचं इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम उघडून बघा, अंदाज येईल. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, फोटो झाला म्हणजे शीटचं काम संपलं असं साहेबांना वाटू देऊ नका, फुलाच्या आतले पुंकेसर फोटोत मोजता येत नाहीत. दोन, दुर्मिळ ऑर्किड आणि कंदीलपुष्पांचे अक्षांश-रेखांश नेटवर उघडे टाकू नका, कंद चोरायला लोक कड्यावर चढतात.

ओळख पटवायला पश्चिम भारतात अजूनही थिओडोर कुकच्या १९०१ ते १९०८ मधल्या फ्लोरापासूनच सुरुवात होते, नावं बदललीत पण वर्णनं चोख आहेत. नाव नाही पटलं तर वंशापर्यंत लिहून थांबा. अंदाजाने जात लिहू नका.

दहावी पायरी: कोड

काही हजार शीट झाल्या, खोली स्थिर झाली, बाहेरचा माणूस येऊन नमुने बघू शकतो अशी सोय झाली, की न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या इंडेक्स हर्बेरिओरममध्ये (जगातल्या हर्बेरियमच्या यादीत) नोंदणीसाठी अर्ज करा, तुम्हाला तुमची अक्षरं मिळतात आणि जगात कुठेही शोधनिबंधात ती अक्षरं आली की शीट तुमच्याकडे आहे हे कळतं. पहिल्याच वर्षी अर्ज करायची घाई नको. त्याआधी एक वर्ष उसनवारीचं रजिस्टर चालवून बघा, कोणती शीट कुणाला दिली, कधी परत येणार, आली का. ते रजिस्टर नीट चाललं तर समजा हर्बेरियम चाललं.

आत्ता सुरू करणार असाल तर जूनच्या आधी एवढं करा: सुताराकडून दोन प्रेस, एक जुना पण चालू डीप फ्रीझर (आइस्क्रीमवाले बदलतात तेव्हा स्वस्तात मिळतो), वनखात्याला पत्र, आणि रद्दीवाल्याला सांगून ठेवा की पन्नास किलो साधे पेपर हवेत. चकचकीत पुरवण्या बाजूला काढायला सांगा, त्या पाणी शोषत नाहीत.